नवी डिस्क जोडली आणि संगणक अडला

पेणच्या फोटो स्टुडिओंमध्ये तुळशीच्या लग्नानंतर जी धांदल सुरू होते ती पाऊस तोंडावर येईपर्यंत थांबत नाही. दोन कॅमेरे, एक ड्रोन, आदल्या दिवशीची हळद असे सगळे धरले तर एका लग्नाचे चित्रीकरण दोनशे-तीनशे जीबी सहज खाते. तिकडे हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीच्या कारखान्यांनी गिऱ्हाइकांना पाठवायचे मूर्तींचे फोटो वर्षानुवर्षे साठवलेले असतात. वडखळ नाक्याच्या आसपासच्या वजनकाट्यांवर पावत्या आणि कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंग साचत जातात. मग एक दिवस पडद्यावर ड्राइव्हची पट्टी लाल होते. नवी हार्ड डिस्क आणली जाते, रविवारी दुपारी कॅबिनेट उघडले जाते, आणि शनिवारपर्यंत बिनतक्रार चाललेला संगणक सोमवारी सकाळी उठतच नाही.

अशा वेळी पहिला संशय नव्या डिस्कवर येतो आणि ती खोक्यात घालून दुकानात परत नेली जाते. डिस्क खरोखरच सदोष निघते असेही होते, पण ते कमी वेळा. बहुतेकदा डिस्क ठणठणीत असते. ती आल्यामुळे संगणकातले एखादे जुने दुबळे अंग उघडे पडलेले असते, किंवा कोणीतरी कधीकाळी करून ठेवलेली मांडणी बदललेली असते. ते कुठे झाले हे शोधण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. संगणक कोणत्या क्रमाने जागा होतो एवढे ठाऊक असले आणि घाई केली नाही, तर निम्म्याहून अधिक अडचणी घरच्या घरी सुटतात.

तो क्रम असा. बटण दाबले की एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. हे दाब स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत तो मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ असा संकेत देतो. तो मिळाल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नाही. मग मदरबोर्डवरच्या एका चिपमधला प्रोग्रॅम सुरू होतो. जुन्या मशिनात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो रॅम तपासतो, ग्राफिक्स तपासतो आणि मग प्रत्येक साटा पोर्टवर, म्हणजे डिस्कची वायर जिथे जोडतात त्या जागी, कोण आहे याची विचारणा करतो. डिस्क आपले नाव, क्रमांक आणि आकार कळवते. यादी तयार झाली की ठरलेल्या प्राधान्याने एका डिस्कवरून विंडोज उठवली जाते. विंडोज पुन्हा स्वतःची यादी करते, प्रत्येक डिस्कवरचे विभाजनाचे कोष्टक वाचते, त्यातल्या भागांना सी, डी, ई अशी अक्षरे देते. सगळ्यात शेवटी हिशेबाचे टॅली किंवा तुमचे फोटोचे सॉफ्टवेअर आपापल्या फाइली ठरलेल्या जागी शोधते.

नवी डिस्क या साखळीत कुठेही अडचण करू शकते. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नको. ‘गाडी कुठवर आली’ हा विचारावा. पंखासुद्धा फिरत नाही, की पंखा फिरतो पण पडदा काळा, की कंपनीचे चिन्ह येऊन थांबते, की विंडोज येते पण डिस्क दिसत नाही? या चार उत्तरांमागची कारणे पूर्णपणे वेगवेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की दिवस वाया जातो.

दुसरी गोष्ट, कोणतेही सेटिंग हलवण्याआधी करायची: संगणक बंद करा, भिंतीतली पिन काढा, नव्या डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवा आणि पुन्हा सुरू करा. संगणक उठला, तर भांडण नवी डिस्क, तिच्या वायरी आणि सेटिंग यांच्यातच आहे. नाही उठला, तर कॅबिनेट उघडताना काहीतरी हलले आहे आणि डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही. एवढ्या एका चाचणीने अर्धे काम होते. ती न करता थेट विंडोज पुन्हा टाकायला बसलेली माणसे पाहिली की जीव हळहळतो, कारण त्यात नेमका वाचवायचा तोच मजकूर जातो.

डिस्क काढूनही संगणक मेल्यासारखाच असेल तर आपल्या भागात पहिला संशय रॅमवर घ्यावा. वडखळहून अलिबागकडे निघाले की धरमतरचा पूल लागतो. खाली अंबेची खाडी आणि दोन्ही अंगांना खारेपाट. इथली हवा वर्षभर दमट आणि खारट. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिंती महिनोन्‌महिने ओल धरतात. हवेतले क्षार आणि ओल मिळून रॅमच्या पट्टीवरच्या आणि खाचेतल्या धातूवर एक अतिशय पातळ थर चढवतात. संगणक जागचा हलला नाही तोवर जुना संपर्क कसाबसा टिकून असतो. डिस्क बसवताना कॅबिनेट आडवे पाडले, हात लागला, पट्टी केसभर सरकली की तो तुटतो. मग पंखा फिरतो, पडदा काळा राहतो, आणि काही मशीन बीप देत राहतात. पिन काढून रॅमच्या पट्ट्या सोडवाव्यात, त्यांच्या सोनेरी कडा मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, खोडरबराचा भुगा खाचेत पडू देऊ नये आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक् आवाज करीपर्यंत पट्टी दाबावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर ते खोडरबरापेक्षा चांगले, कारण सोन्याचा मुलामा घासला जात नाही.

कॅबिनेटला हात लावताच मुंग्या आल्यासारखा झटका बसतो, अशी तक्रारही अशाच वेळी येते. टेस्टर लावला तर दिवा पेटतो. हा करंट नव्या डिस्कने आणलेला नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून जाणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट जवळजवळ निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अल्प असल्याने माणसाला सहसा मुंग्यांपलीकडे काही होत नाही. पण झटका जोराचा असेल तर तो वायरिंगचा किंवा एसएमपीएसचा दोष असू शकतो, आणि तेव्हा हात न लावता आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. शिवाय संगणक चालू असताना वेगळ्या प्लगवरची बाहेरची डिस्क किंवा मॉनिटर जोडला तर हा दाब त्या पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळू शकतो. आपल्याकडे जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण वरच्या जाड पिनेच्या मागे कित्येकदा वायरच नसते. जिथे आहे तिथेही खाऱ्या जमिनीत पुरलेला लोखंडी पाइप काही वर्षांत गंजून जातो. कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा एकदा केला म्हणजे जन्माचे काम झाले असे खारेपाटात तरी धरू नये. दरवर्षी पावसाआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा.

अंगातल्या स्थिर विजेची भीती पुस्तकांत बरीच घातलेली असते. कोरड्या थंडीत ती खरी आहे. धरमतरच्या पावसाळी हवेत स्थिर वीज साचायला वावच कमी, इथला मोठा शत्रू गंज. तरी पिन काढल्यावर चालू करायचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी आणि रंग नसलेल्या धातूला बोट टेकवून मगच आत हात घालावा.

आता नव्या डिस्कच्या विजेकडे येऊ. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते, म्हणजे वीस-पंचवीस वॉट. एकदा वेग धरला की पाच ते आठ वॉटवर स्थिरावते. हा पहिल्या काही सेकंदांचा ओढा थकलेल्या एसएमपीएसला झेपत नाही. दाब घसरतो, ‘पॉवर गुड’ मागे घेतला जातो आणि संगणक सुरू होता होता बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. डिस्कमधून लयीत टकटक ऐकू येते ती कधीकधी यामुळेच. खात्री करायची तर दुसऱ्या चांगल्या संगणकात तीच डिस्क लावून पाहावी. तिथेही टकटक असेल तर मात्र तिचे वाचनाचे हात बिघडले आहेत. ताबडतोब बंद करून ती वॉरंटीत द्यावी.

वीज देणाऱ्या वायरींबाबत दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. साटाची जोडणी पुरत नाही म्हणून जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटा करणारा छोटा तुकडा विकत मिळतो. त्यातला प्लास्टिक ओतून अखंड केलेला प्रकार घेऊ नये. आतल्या तारा एकमेकींना चिकटून तो वितळल्याच्या, पेटल्याच्या घटना झालेल्या आहेत. जोडणीचे टोक उघडून तारा वेगवेगळ्या बसवलेल्या दिसतात तो प्रकार घ्यावा. दुसरे असे, की वायरी सुट्या होणाऱ्या एसएमपीएसची वायर दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नये. डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण डब्याकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की नवी आणि जुनी दोन्ही डिस्क एका क्षणात जातात.

संगणक सुरू झाला, पण बायोसच्या यादीत नवी डिस्क नाही, तर विंडोजमध्ये काहीही शोधण्यात अर्थ नाही. जी खालच्या मजल्यावर पोहोचली नाही ती वर दिसणार कशी! साटाच्या माहितीच्या वायरीत सात संपर्क असतात, विजेच्या जोडणीत पंधरा. मूळ मानकानुसार आतल्या साटा जोडण्या सुमारे पन्नास वेळा काढ-घाल सोसतील एवढ्याच बेताने बनवलेल्या होत्या. त्यामुळे दुरुस्तीच्या दुकानातली वर्षानुवर्षे वापरलेली वायर ही चांगली वायर नव्हे. वायर बदला, मग पोर्ट बदला. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही.

मदरबोर्डवर च्युइंग गमच्या पट्टीएवढी एम.२ प्रकारची एसएसडी असेल तर आणखी एक शक्यता. बऱ्याच बोर्डांवर एम.२ची खाच आणि एक-दोन साटा पोर्ट आतल्या एकाच वाटेवर असतात. खाच भरली की ते पोर्ट आपोआप बंद. डिस्क, वायर, वीज सगळे चांगले असून पोर्ट मुका राहतो. कोणते पोर्ट बंद होतात हे त्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतच सापडते आणि ती कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट असते. मोठ्या क्षमतेच्या, मुळात सर्व्हरसाठी बनवलेल्या काही डिस्कांचे आणखी वेगळे. त्यांत विजेच्या तिसऱ्या संपर्काला ३.३ व्होल्ट मिळाले की ‘झोपून राहा’ असा अर्थ घेतला जातो. जुने एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतातच, आणि डिस्क फिरतच नाही. ३.३ व्होल्ट न देणाऱ्या जोडणीवरून वीज दिली की ती जागी होते.

वजनकाट्यावर किंवा एखाद्या जुन्या कार्यालयात २००३च्या आधीची मशीन अजून दिसतात. त्यांत चाळीस पिनांची रुंद पट्टीसारखी वायर असते आणि एका वायरवर दोन डिस्क बसतात. तिथे डिस्कच्या पाठीवरचा इवलासा जम्पर एकीला मास्टर, दुसरीला स्लेव्ह ठरवतो. दोन्ही मास्टर ठेवल्या की दोन्ही गायब. अशा मशिनाला मोठी डिस्क लावण्यापूर्वी हेही पाहावे की जुन्या पद्धतीत १३७ जीबीच्या पुढचा पत्ताच मोजता येत नसे. पहिल्या सर्व्हिस पॅकच्या आधीच्या विंडोज एक्सपीला ही मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइलींवर फाइली लिहिल्या जाऊन सगळेच नासे.

बायोसमध्ये दोन्ही डिस्क दिसतात, तरी काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असे येऊन थांबते. ही सगळ्यांत भीतिदायक दिसणारी आणि सगळ्यांत सोपी अडचण आहे. बायोसने नव्या, कोऱ्या डिस्कला यादीत वर घेतले, तिथे विंडोज शोधली, नाही सापडली. सुरुवातीला डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचे, प्राधान्याच्या यादीत जुनी डिस्क वर आणायची, जतन करून बाहेर पडायचे. मागे एखादा पेन ड्राइव्ह अडकून राहिला आहे का तेही बघायचे.

पण याच वळणावर एक लपलेले कारण आहे आणि त्याने चांगल्या चांगल्या कारागिरांना चकवले आहे. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची तीन व्होल्टची चपटी गोल बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग ती सांभाळते. संगणक भिंतीच्या प्लगला कायम जोडलेला असला की ही बॅटरी मेलेली असूनही वर्षानुवर्षे कळत नाही. डिस्क लावण्यासाठी पिन काढली, अर्धा तास गेला, आणि सगळी सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला गेली. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धतही आली. जुनी विंडोज आयडीई पद्धतीत बसवलेली असेल आणि बायोस आता एएचसीआय म्हणत असेल, तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेले असते. लोक म्हणतात, नव्या डिस्कने विंडोज उडवली. विंडोज जागेवरच आहे. पद्धत पूर्वीची ठेवली की उठते. संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसली की बॅटरीचाच हा प्रकार समजावा. तारीख चुकली की बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळेही सुरक्षिततेची सूचना देऊन उघडायला नकार देतात. अगदी स्वस्तात मिळणारी ही बॅटरी नवी डिस्क घेतानाच सोबत घ्यावी.

आता विंडोज सुरू झाली. ‘धिस पीसी’ उघडले तर नवी डिस्क नाही. इथे घाबरायचे कारण नाही, कारण कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. सर्व्हे नंबरही नाही, हद्दीचे दगडही नाहीत अशा जमिनीचा सातबारा निघत नाही, तसेच हे. आधी विभाजनाचे कोष्टक लिहावे लागते, मग भाग पाडावे लागतात, मग फाइलींची पद्धत घालावी लागते. हे सगळे ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये होते, सुरुवातीच्या बटणावर उजवी क्लिक केली की ते नाव सापडते. उघडताच ‘इनिशिअलाइज’ करू का, असे विचारले जाते आणि एमबीआर की जीपीटी असा पर्याय येतो. एमबीआर ही जुनी पद्धत ५१२ बाइटच्या तुकड्यांना ३२ बिटांचा क्रमांक देते. त्यामुळे तिची मोजदाद दोन टीबीशी संपते. चार टीबीची डिस्क एमबीआर केली की उरलेली जागा काळ्या पट्टीत पडून राहते आणि वापरता येत नाही. आजच्या विंडोजवर नुसता साठा करायचा असेल तर जीपीटीच निवडावे, मग भाग पाडून एनटीएफएस ही फाइलींची पद्धत घालावी.

हे फक्त कोऱ्या डिस्कसाठी. एखाद्या बंद पडलेल्या संगणकातली, दादांच्या लग्नाच्या फोटोंची किंवा जुन्या हिशेबाची डिस्क तुम्ही जोडली असेल आणि विंडोज तिच्याबद्दल ‘इनिशिअलाइज करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असे विचारत असेल, तर उत्तर नाही हेच. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच की कोष्टक वाचता आले नाही; मजकूर बहुधा जागेवर असतो. वायर बदला, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तरीही तेच झाले तर काहीही न लिहिता डिस्क काढून ठेवा आणि मजकूर परत मिळवणाऱ्या माणसाकडे न्या. सुरू होताना विंडोज अशा डिस्कवर आपणहून दुरुस्तीची तपासणी करू पाहते; तीही थांबवावी. मरणाऱ्या डिस्कवर आधी नक्कल, मग दुरुस्ती. उलटा क्रम झाला की उरलेसुरलेही जाते.

एक टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते, हीही नेहमीची तक्रार. दुकानदाराने फसवलेले नाही. कंपनी एक लाख कोटी बाइटला एक टीबी म्हणते. विंडोज १०२४च्या पटीत मोजते आणि नाव मात्र जीबीच वापरते. त्याच हिशेबाने ५०० जीबीचे ४६५ होतात, दोन टीबीचे १८६३.

डिस्क दिसली, अक्षर मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी टॅली उघडल्यावर कंपन्यांची यादी रिकामी. पेणच्या बाजारपेठेत ३१ मार्चच्या तोंडावर हे झाले तर दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. हिशेब कुठेही गेलेला नसतो. टॅलीला डेटा ‘डी’वर अमुक फोल्डरात आहे एवढेच ठाऊक असते. नवी डिस्क लावताना जुनीची वायर दुसरीकडे गेली, किंवा कोणी नीटनेटकेपणासाठी अक्षरे बदलली, आणि ‘डी’चा ‘ई’ झाला. विंडोज ९८च्या काळात तर हे आपोआप होई, कारण प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला आधी अक्षर मिळे आणि जुना ‘डी’ निमूटपणे ‘ई’ होऊन बसे. आजची विंडोज अक्षरे लक्षात ठेवते, पण माणसाने बदललेले ती परत फिरवत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या भागाला त्याचे जुने अक्षर द्यावे. नव्या डिस्कला मुद्दाम मागचे अक्षर द्यावे, पी किंवा एस, म्हणजे पुढे पेन ड्राइव्ह आला-गेला तरी गोंधळ होत नाही. फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या चित्रांवर प्रश्नचिन्हे दिसू लागली तरी कारण हेच. अशा वेळी घाबरून नवी कंपनी तयार करू नये किंवा चित्रे पुन्हा आयात करू नयेत.

सगळे जमले, पण संगणक मंद झाला. पहिल्या दिवशी हे साहजिक आहे; विंडोज नव्या डिस्कवरच्या फाइलींची अनुक्रमणिका करत असते आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघत असतो. दोन-तीन दिवसांनीही तसेच असेल तर डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे फुकट सॉफ्टवेअर लावा. त्यात सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत असेल तर दोष वायरीत किंवा जोडणीत असतो. माहिती वाटेत बिघडते, पुन्हा मागवली जाते, आणि डिस्क उगाच बदनाम होते. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ यांच्यापुढचे आकडे मात्र डिस्कच्या तबकडीविषयी बोलतात. नव्या डिस्कवर ते शून्यावरून हलले तर वॉरंटीसाठी तोच पुरावा.

आकडे स्वच्छ, तरी मोठी नक्कल करताना वेग सुरुवातीला चांगला आणि मग रांगता? मग डिस्क एसएमआर प्रकारची आहे का ते पाहा. यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात. लग्नाचे चित्रीकरण एकदा टाकून ठेवायला ती चालते. त्याच डिस्कवर संकलन करायला बसले की त्रास. २०२० साली मोठ्या कंपन्यांनी काही डिस्क एसएमआर असल्याचे ग्राहकाला न सांगता विकल्याचे उघड झाले आणि नंतर त्यांनी याद्या जाहीर केल्या. घेण्यापूर्वी मॉडेल क्रमांक त्या यादीत बघावा. संकलनासाठी एसएसडी, साठ्यासाठी हार्ड डिस्क अशी वाटणी मला सगळ्यांत योग्य वाटते.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर करून दोन्ही एकाच वेळी जोडल्या, तर विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते, कारण दोघींची आतली ओळखखूण सारखी असते. नक्कल झाली की जुनी काढून पहिली सुरुवात एकट्या नवीवरून करावी. आणि दोन डिस्क जोडलेल्या असताना नवीवर विंडोज ताजी बसवली, तर ती उठण्यासाठी लागणाऱ्या फाइली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच्या छोट्या भागात जाऊन बसतात. चार महिन्यांनी जुनी डिस्क विकली किंवा बंद पडली की नवीवरची विंडोजही उठत नाही. विंडोज बसवताना बाकी सगळ्या डिस्कांच्या वायरी काढून ठेवाव्यात, एवढाच यावरचा उपाय.

कॅबिनेट उघडण्याच्या आदल्या दिवशीची तयारी साधी आहे. विंडोज १० आणि ११ बंद करताना पूर्ण बंद होत नाहीत, अर्धवट स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात. म्हणून शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करावे. डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी चावी कागदावर लिहून ठेवावी. बायोसमधला क्रम बदलला की ती मागितली जाऊ शकते. आतल्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढावा. डिस्क वातानुकूलित दुकानातून आणली असेल तर तासाभरासाठी बंद खोक्यातच ठेवावी, नाहीतर दमट खोलीत तिच्यावर पाण्याचे कण धरतात. तिच्या झाकणावर सहसा एक बारीक भोक असते आणि त्याशेजारी ते झाकू नका असे लिहिलेले असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते. त्यावर किमतीचे स्टिकर चिकटवू नये.

फाइली नव्या डिस्कवर नेताना ‘कट’ वापरू नये, ‘कॉपी’ वापरावे. मध्येच वीज गेली तर ‘कट’ने अर्धे इकडे, अर्धे तिकडे होते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा फाइलींचा आकडा आणि बाइट जुळवावेत, दोन-चार मोठ्या चित्रफिती शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात आणि तरीही जुनी डिस्क निदान एक पावसाळा तशीच ठेवावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. जुलै १९८९च्या अंबेच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे धुऊन नेले. एकाच टेबलाखालच्या एकाच कॅबिनेटमध्ये असलेल्या दोन डिस्क पुराच्या पाण्यासाठी एकच डिस्क आहे. काढलेली जुनी डिस्क कोरड्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह, तारीख आणि मजकूर लिहून, उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवावी. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात आणि वर्षातून दोनदा डिस्क जोडून थोडा वेळ फिरू द्यावी.